लिनक्सवर उपकरणाचा ड्रायव्हर बसत नाही, तेव्हा अडतं कुठे?

ऑसिलोस्कोप असो, मल्टिमीटर असो की पॉवर सप्लाय, मोजमापाचं कुठलंही उपकरण लिनक्सच्या मशीनला जोडायचं ठरलं की बहुतेक जण आधी कंपनीच्या साइटवर जाऊन ड्रायव्हर शोधतात. तिथे विंडोजची सेटअप फाइल असते, लिनक्सचा पत्ता नसतो. मग ‘याला लिनक्स चालत नाही’ म्हणून विषय संपतो. किंवा तीन-चार ठिकाणची पॅकेजेस एकावर एक टाकली जातात आणि आधी जे चालत होतं तेही बंद पडतं. आजार म्हशीला आणि इलाज पखालीला, त्यातली गत. कारण पुष्कळदा ड्रायव्हर बसवायचा राहिलेलाच नसतो. तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असतो, गाडी अडलेली असते भलतीकडेच.

घोळ होतो तो ड्रायव्हर या एकाच नावाखाली तीन निराळ्या वस्तू खपत असल्यामुळे. सर्वांत खाली कर्नलमधला ड्रायव्हर: यूएसबी, सिरीयल किंवा जीपीआयबी (लॅबमधल्या उपकरणांची जुनी जोडणी) वायरीवरून बाइट इकडून तिकडे नेणं एवढंच त्याचं काम. त्याच्या वर व्हिसा नावाची लायब्ररी. व्हिसा म्हणजे व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट सॉफ्टवेअर आर्किटेक्चर. हे मानक आज आयव्हीआय फाउंडेशन सांभाळतं. उपकरण यूएसबीवर असो की लॅनवर, प्रोग्रामला एकाच पद्धतीने बोलता यावं, हा तिचा उद्देश. आणि सगळ्यांत वर त्या-त्या मॉडेलचा ड्रायव्हर, जो ‘चॅनेल एकचं स्केल बदल’ अशा फंक्शनचं भाषांतर उपकरणाला कळणाऱ्या आदेशांत करतो.

हा तिसरा थर कंपन्या आपापल्या साइटवर ठेवतात आणि त्याच्याच नावाने आपण गळा काढतो. वास्तविक तो सोयीपुरता आहे. १९९० मध्ये स्किपी हे आदेशांचं मानक आलं, तेव्हापासून बहुतेक प्रोग्रामेबल उपकरणं साधा मजकूर वाचतात. व्होल्टेज मोजायचा आदेश म्हणजे मॅन्युअलमध्ये छापलेली एक ओळ असते. ती ओळ पाठवा, उत्तर वाचा. त्यामुळे शोधायचं आहे ते खालच्या दोन थरांत, आणि शोधायचं तळाकडून वर. वरून खाली शोधायला गेलं की प्रत्येक थराचा एरर मेसेज खालच्या थराचं पाप झाकतो.

पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमनमध्ये, छोट्या अक्षरांत द्यायच्या.

वायर आणि वायरीपलीकडचं

उपकरण जोडा आणि ‘एलएसयूएसबी’ द्या. यादीत उपकरणाची ओळ दिसली नाही, तर ड्रायव्हर, व्हिसा, पायथन सगळं बाजूला ठेवा. जे मशीनला दिसतच नाही त्याचा ड्रायव्हर काय करणार?

न दिसण्याची कारणं हास्यास्पद वाटावीत इतकी साधी असतात. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही वायरींत फक्त वीज जाते, डेटाच्या तारा नसतातच. ऑसिलोस्कोपच्या पुढच्या बाजूचं चपटं यूएसबी तोंड पेन ड्राइव्हसाठी असतं. संगणकासाठीचं तोंड मागे असतं, चौकोनी, प्रिंटरला असतं तसं. काही ऑसिलोस्कोपच्या युटिलिटी मेनूत यूएसबीची सेटिंग असते: समोर संगणक आहे की प्रिंटर. रिगोलच्या डीएस१०००झेड मालिकेत ती आहे. ती प्रिंटरवर राहिली असेल तर उपकरण संगणकाशी बोलायचं नाव काढत नाही.

आणखी एक खास विद्यार्थ्यांचं कारण. लिनक्स विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालत असतं. अशा वेळी उपकरण विंडोजला दिसतं, आतल्या लिनक्सला नाही. खिडकीवरच्या डिव्हाइसेस मेनूतून ते मुद्दाम आत सोडावं लागतं. बाहेरची मशीनही लिनक्सचीच असेल, तर तुमचा युजर ‘व्हीबॉक्सयूझर्स’ गटात हवा.

वायर लावताना कर्नल काय म्हणतं ते ‘डीमेसेज’ दाखवते (टाइप करायची अक्षरं डी, एम, ई, एस, जी). काही वितरणांत (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या प्रकारांत) ती सुडो लावूनच, म्हणजे सर्वाधिकार घेऊनच, चालते. सगळं ठीक असेल तर नवं यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ येते, पाठोपाठ कंपनी आणि मॉडेलचं नाव. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे ‘एरर −७१’ दिसलं तर तो प्रोटोकॉलचा दोष आहे. आपल्या भाषेत, वायर खराब, हब खराब किंवा पुरेशी वीज पोचत नाही. −११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही. दोन्हींवर उपाय एकच: हब काढा, मशीनच्या मागच्या पोर्टमध्ये थेट जोडा, दुसरी वायर घ्या. पॅकेज बसवून हे आकडे जाणार नाहीत.

कर्नलने कुणाच्या हाती दिलं?

उपकरण दिसलं, तर पुढचा प्रश्न: त्याचा ताबा कुठल्या ड्रायव्हरकडे आहे? ‘एलएसयूएसबी’ला ‘उणे टी’ जोडलं की झाडासारखी मांडणी येते आणि प्रत्येक फांदीपुढे ड्रायव्हरचं नाव असतं. मोजमापाच्या उपकरणांसाठी यूएसबीचा एक ठरलेला वर्ग आहे, यूएसबीटीएमसी. वर्ग क्रमांक २५४, उपवर्ग ३. या वर्गाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये २.६.२८ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ च्या अखेरीपासून आहे. तुमच्या उपकरणापुढे ‘यूएसबीटीएमसी’ असं दिसलं आणि उपकरणांच्या फाइली असतात त्या डेव्ह फोल्डरमध्ये ‘यूएसबीटीएमसी०’ नावाची फाइल उगवली, तर कर्नलचा ड्रायव्हर बसलेला आहे. साइटवर शोधाशोध करण्याची गरज नाही.

वर्ग क्रमांक २५५ दिसला तर मात्र गोष्ट वेगळी. २५५ म्हणजे ‘कंपनीचं स्वतःचं काहीतरी’. यूएसबी–जीपीआयबी अडॅप्टर आणि डेटा घेणारी अनेक कार्डं या वर्गात मोडतात. त्यांना खरोखरच स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. हा वर्ग तपशिलाच्या यादीत, ‘उणे व्ही’ लावून दिसतो. उपकरण विकत घेण्याआधी एखाद्या मित्राच्या मशीनवर हा एक आकडा बघता आला, तर पुढचे कितीतरी तास वाचतात.

२५४ वाल्यांची परीक्षा घ्यायला पायथन लागत नाही, व्हिसाही लागत नाही. आयईईई ४८८.२ या १९८७ च्या मानकाने प्रत्येक उपकरणाला एक प्रश्न समजणं बंधनकारक केलं: तारका, त्याला चिकटून आयडीएन, त्याला चिकटून प्रश्नचिन्ह. ‘तू कोण?’ एवढाच त्याचा अर्थ. ‘एको’ कमांडने हा प्रश्न यूएसबीटीएमसी० फाइलमध्ये ढकला आणि ‘कॅट’ने तीच फाइल वाचा. चार तुकड्यांचं, स्वल्पविरामांनी जोडलेलं उत्तर येतं: कंपनी, मॉडेल, सिरीयल क्रमांक, फर्मवेअरची (उपकरणातल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती. हे उत्तर आलं म्हणजे वायर, कर्नल आणि उपकरण तिघंही निर्दोष सुटले. राहिलेली चौकशी फक्त तुमच्या सॉफ्टवेअरची. मी कुणाच्याही मशीनवर इथूनच सुरुवात करतो, समोरचा कितीही ‘लॅबव्ह्यू (उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर) उघडतच नाही’ सांगत असला तरी.

पण पुष्कळदा ‘एको’ दिल्यावर उत्तराऐवजी ‘परमिशन डिनाइड’ येतं.

घोडं इथे पेंड खातं

लिनक्सवर उपकरणांच्या तक्रारींचा मोठा गठ्ठा परवानगीचा असतो. यूएसबीटीएमसी० ही फाइल रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, मालकीची असते आणि इतरांना तिला हात लावता येत नाही. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. ओळखण्याची खूण सोपी: सुडो लावून चालतं, सुडोशिवाय चालत नाही.

सुडो लावून काम भागवत राहू नका. सुडो पायथन दिलं की रूटचा पायथन चालतो. तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमधली (पायथनच्या वेगळ्या राखलेल्या जागेतली) पॅकेजेस त्याला दिसत नाहीत, मग ती रूटसाठी पुन्हा टाकली जातात, आणि महिन्याभराने कुठली आवृत्ती कुठून चालते याचा कुणालाच थांग लागत नाही.

याच दोषाचं एक वेषांतर पायथनवाल्यांना भेटतं. पायव्हिसा (पायथनमधून व्हिसा वापरायची लायब्ररी) आणि तिच्यासोबतची पायव्हिसा-पाय (कंपनीच्या व्हिसाऐवजी चालणारी) वापरून उपकरणांची यादी मागितली, की सिरीयल क्रमांक वाचता आला नाही अशी सूचना येते आणि अर्धवट पत्ता दिसतो: यूएसबी०, मग ६८३३, मग १२३०, मग तीन प्रश्नचिन्हं. प्रश्नचिन्हांच्या जागी सिरीयल क्रमांक हवा होता. तो वाचायला उपकरण उघडावं लागतं, आणि उघडायला परवानगी नाही. लोक इथे पायव्हिसा काढून पुन्हा टाकतात. शंभरदा टाकली तरी प्रश्नचिन्हं तशीच राहतील.

या पत्त्यात आणखी एक पाचर आहे. ६८३३ आणि १२३० हे दशमान आकडे आहेत. तोच ऑसिलोस्कोप ‘एलएसयूएसबी’मध्ये ‘१एबी१’ आणि ‘०४सीई’ असा दिसतो, कारण ती षोडशमान पद्धत. दोन्ही एकच: रिगोलचा कंपनी क्रमांक आणि त्या मालिकेचा उत्पादन क्रमांक. परवानगीचा नियम लिहिताना षोडशमान आकडा लागतो, छोट्या अक्षरांत, पुढे ‘शून्य-एक्स’ न लावता. पायव्हिसाने दाखवलेला ६८३३ उचलून नियमात टाकला तर नियम निमूटपणे काहीच करत नाही. तक्रारही करत नाही, हे त्याहून वाईट.

नियम म्हणजे यूडेव्हचा नियम; उपकरण जोडलं की त्याच्या फाइलची परवानगी यूडेव्ह ठरवतं. ईटीसीच्या आत यूडेव्ह, त्याच्या आत ‘रूल्स डॉट डी’ फोल्डर. तिथे एक ओळीची फाइल ठेवायची, नाव ‘.रूल्स’ने संपणारं. ओळीचा अर्थ असा: या कंपनी क्रमांकाचं उपकरण आलं तर त्याची फाइल अमुक गटाला वाचू-लिहू दे. एवढ्याशा ओळीत घसरायच्या जागा मात्र बऱ्याच आहेत.

पहिली जागा बरोबरच्या चिन्हाची. तपासायचं असेल तिथे दोन, नेमायचं असेल तिथे एक. दुसरी जागा जरा खोल आहे. एकाच उपकरणाच्या दोन फाइली असतात. पायव्हिसा-पाय लिबयूएसबी या, यूएसबीशी थेट बोलणाऱ्या लायब्ररीमार्फत जाते, ती ‘बस’ फोल्डरमधली फाइल वापरते; तिच्यासाठी नियमात सबसिस्टिम ‘यूएसबी’ हवी. यूएसबीटीएमसी० ही फाइल ‘यूएसबीमिस्क’ सबसिस्टिमची आहे आणि कंपनी क्रमांक तिच्या स्वतःकडे नसून वरच्या पिढीकडे असतो. म्हणून तिथे ‘एटीटीआर’ऐवजी शेवटी एस असलेलं ‘एटीटीआरएस’ लिहावं लागतं. त्यामुळे ‘पायथनमधून चालतं, पण एको दिलं की चालत नाही’ किंवा नेमकं उलटं, असं चित्र दिसलं तर दोनांपैकी एकाच फाइलचा नियम लिहिला गेला आहे. दोन्ही ओळी लिहून टाकाव्यात.

तिसरी जागा फाइलच्या नावातल्या आकड्याची. सवयीने सगळे नावापुढे ९९ लावतात. गट नेमणाऱ्या नियमाला ते चालतं. पण ‘यूअ‍ॅक्सेस’ हा टॅग लावून मशीनसमोर बसलेल्या माणसाला आपोआप परवानगी देण्याची जी नवी पद्धत आहे, ती ७३ क्रमांकाच्या फाइलमध्ये अंमलात येते. तुमची ९९ क्रमांकाची फाइल त्यानंतर वाचली जाते, तोवर गाडी निघून गेलेली असते. तिथे ७० वगैरे आकडा द्या. शिवाय हा टॅग समोर बसलेल्यासाठीच आहे. लॅबमधल्या मशीनवर घरून एसएसएचने लॉगिन करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याला गटच लागतो.

नियम लिहिल्यावर ‘यूडेव्हएडीएम’ला नियम पुन्हा वाचायला सांगा आणि वायर काढून परत लावा. वायर काढणं ही अंधश्रद्धा नाही. नियम उपकरण येण्याच्या क्षणी लागू होतात. आधीच आलेल्याला कुणी हटकत नाही.

गटाबद्दल एक इशारा, कारण यात लोकांची मशीनं अडकतात. स्वतःला गटात घालायला ‘यूझरमॉड’ वापरतात, ‘उणे ए’ आणि ‘उणे मोठा जी’ या दोन्ही खुणा लावून. यातली ‘ए’ विसरली तर तुम्ही नव्या गटात जाता खरे, पण बाकीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर फेकले जाता. सुडोच्या गटातूनही. मग झालेली चूक दुरुस्त करायला सुडो हवा, आणि सुडो तर गेला. गट बदलल्यावर लॉगआउट करून परत आत या. उघड्या टर्मिनलला नवा गट कळत नाही. ‘ग्रुप्स’ कमांड देऊन खात्री करा.

सिरीयलवाल्यांचे दोन अदृश्य शेजारी

तापमान नियंत्रक, तराजू, जुने मीटर अजून सिरीयलवर बोलतात आणि मध्ये यूएसबी–सिरीयल अडॅप्टर असतो. त्यांची फाइल ‘टीटीवाययूएसबी०’ किंवा ‘टीटीवायएसीएम०’. डेबियन आणि उबुंटूवर तिचा गट ‘डायलआउट’, आर्चवर ‘यूयूसीपी’. एवढ्याने बहुतेकांचं काम होतं.

उबुंटू २२.०४ वर मात्र एक चमत्कारिक प्रकार पुष्कळांनी पाहिला. सीएच३४० चिपचा स्वस्त अडॅप्टर लावला की टीटीवाययूएसबी० क्षणभर उगवते आणि लगेच नाहीशी होते. डीमेसेज नीट वाचलं तर चोर सापडतो: इंटरफेस सीएच३४१ ड्रायव्हरकडे असताना ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्राम मध्ये घुसला, अशी ओळ असते. हा दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम आहे. काही ब्रेल डिस्प्ले त्याच चिपवर चालतात, म्हणून तो अडॅप्टरलाच ब्रेल डिस्प्ले समजतो. मशीन ब्रेल डिस्प्लेवर वापरणारं कुणी नसेल तर ते पॅकेज काढलं की प्रश्न सुटतो. कुणी असेल तर सरसकट काढू नका. त्याच्या यूडेव्ह नियमातली या चिपची ओळ तेवढी बंद करा.

दुसरा शेजारी मोडेममॅनेजर. नवं सिरीयल पोर्ट दिसलं की हा इंटरनेटचा डोंगल आहे का हे पाहायला तो मोडेमच्या भाषेतले आदेश सोडू शकतो. तुमचं उपकरण त्या आदेशांनी गांगरतं आणि पहिली काही सेकंदं असंबद्ध उत्तरं देतं. यूडेव्ह नियमात त्या उपकरणाकडे दुर्लक्ष करायची खूण लावता येते. लॅबच्या मशीनवर मोडेम नसेलच तर ही सेवा बंद केली तरी कुणाचं अडत नाही.

कर्नल बदलला आणि सगळं गेलं

आता खऱ्या अर्थाने बसवायच्या ड्रायव्हरकडे येऊ. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सची कार्डं हे याचं नेहमीचं उदाहरण. ही कंपनी रेड हॅट, उबुंटू अशा वितरणांच्या ठरावीक आवृत्त्यांनाच ड्रायव्हर देते. डाउनलोड केलेली फाइल बसवली, एररही आली नाही, तरी उपकरण चालत नाही, अशी तक्रार इथे वारंवार येते. कारण ती फाइल ड्रायव्हर नसतेच. ती फक्त पॅकेज कुठून आणायची तो पत्ता तुमच्या मशीनवर नोंदवते. त्यानंतर यादी ताजी करून हवं ते पॅकेज, व्हिसा किंवा ४८८.२ (जीपीआयबीचं) वगैरे, वेगळं बसवावं लागतं. मग कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा) बांधायचं, म्हणजे कंपाइल करायचं, मग मशीन रीस्टार्ट. आणि उबुंटू २२.०४ साठीचा पत्ता २४.०४ वर चालवून बघायचा मोह आवरा. कधीकधी पॅकेज बसतंही, पण पुढे अवलंबित्वांचा जो गुंता होतो तो सोडवण्यापेक्षा मशीन नव्याने टाकणं परवडतं.

मॉड्यूल ‘बांधायचं’ का असतं? लिनक्सचं धोरण उघड आहे: वापरकर्त्याच्या प्रोग्रामला दिलेला शब्द मोडायचा नाही, पण कर्नलच्या आतली रचना कधीही बदलू शकते. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं या विषयावरचं टिपण कर्नलच्या दस्तऐवजांतच आहे. त्यामुळे कर्नलबाहेर राहणारा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. हे काम आपोआप व्हावं म्हणून डेलच्या अभियंत्यांनी डीकेएमएस काढलं. कर्नल अद्ययावत झाला की डीकेएमएस ड्रायव्हरचा सोर्स घेऊन नवं मॉड्यूल बांधतं.

म्हणजे बांधायला सामान लागणार: कंपायलर आणि त्याच कर्नलचे हेडर (त्याच्या आतल्या रचनेचं वर्णन करणाऱ्या फाइली). ‘यूनेम उणे आर’ जे दाखवते, नेमक्या त्याच आवृत्तीचे. शेवटचा आकडा वेगळा असला तरी उपयोग नाही. ‘काल चालत होतं, आज सकाळी बंद’ ही तक्रार आली की मी आधी विचारतो, रात्री अपडेट झालं का? ‘डीकेएमएस स्टेटस’ दिलं की मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी बांधलेलं आहे ते दिसतं. चालू कर्नलचं नाव त्यात नसेल तर हेडर टाका आणि पुन्हा बांधा. बांधताना कोसळलं तर कारण ‘मेक डॉट लॉग’ फाइलमध्ये असतं, व्हार, लिब, डीकेएमएस या वाटेने. तिच्यातली पहिली एरर वाचा, शेवटची नाही. खालच्या बहुतेक ओळी पहिल्या एररची पिलावळ असते. हेडर आहेत, कंपायलर आहे, तरी फंक्शन सापडत नाही असं म्हणत असेल, तर कर्नल ड्रायव्हरच्या पुढे गेला आहे. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून काम सुरू ठेवा आणि कंपनीच्या नव्या आवृत्तीची वाट पाहा. लॅबच्या मशीनवर कर्नलचं अपडेट थोपवून धरलं तर मला त्यात गैर वाटत नाही, फक्त मशीन उघड्या इंटरनेटवर नसावी.

मॉड्यूल बांधलं गेलं, पण ते चढवणारी ‘मॉडप्रोब’ कमांड म्हणते ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. हा सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच पुढे जाऊ देणारी मशीनची व्यवस्था. तो चालू असताना अनेक वितरणांत कर्नल सहीशिवायचं मॉड्यूल आत घेत नाही. उबुंटूत डीकेएमएस स्वतःच सही करतं, मात्र त्या सहीची किल्ली मशीनच्या फर्मवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. बसवताना एक पासवर्ड विचारला जातो तो यासाठी. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, काही सेकंद थांबतो, आणि कुणी कळ दाबली नाही तर पुढे निघून जातो. पुष्कळ जण तेवढ्यात चहाला गेलेले असतात. मग किल्ली नोंदलीच जात नाही आणि ड्रायव्हर ‘बसूनही’ चालत नाही. ‘मॉकयूटिल’ने किल्ली पुन्हा पुढे करा, रीस्टार्ट करा, आणि या वेळी समोर बसून राहा. दूरच्या सर्व्हरवर हा पडदा एसएसएचमधून दिसत नाही, तिथे कुणाला तरी पडद्यासमोर उभं करावं लागतं.

जीपीआयबीची कथा यात निराळी. एचपीने १९६० च्या दशकात काढलेली ही बस १९७५ मध्ये आयईईई ४८८ झाली आणि ती जाड, एकावर एक रचता येणारी कनेक्टर असलेली उपकरणं आजही कित्येक लॅबमध्ये ठणठणीत आहेत. लिनक्स-जीपीआयबी हा तिचा मुक्त ड्रायव्हर वर्षानुवर्षं कर्नलबाहेर होता, प्रत्येक कर्नलला नव्याने बांधावा लागे. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ६.१३ कर्नलमध्ये तो स्टेजिंग भागात, म्हणजे अजून कच्च्या असलेल्या ड्रायव्हरांच्या कप्प्यात, घेतला गेला. त्यामुळे जुन्या लेखांतल्या सूचना आणि तुमच्या मशीनची स्थिती जुळेलच असं नाही.

या अडॅप्टरांचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. अ‍ॅजिलंटचा ८२३५७बी जोडला की तो आधी ०५१८ या उत्पादन क्रमांकाने दिसतो. ते त्याचं खरं रूप नव्हे. त्याच्या पोटात अजून फर्मवेअर गेलेलं नाही. फर्मवेअर चढवल्यावर तो यूएसबीवरून गायब होतो आणि ०७१८ म्हणून परत येतो. एलएसयूएसबीमध्ये ०५१८ वरच अडकून बसला असेल, तर जीपीआयबीची कॉन्फिग फाइल कितीही उलटसुलट केली तरी ‘बोर्ड ऑनलाइन आणता आला नाही’ हेच ऐकायला मिळेल. फर्मवेअरचं पॅकेज आणि ते चढवणारा ‘एफएक्सलोड’ मशीनवर आहेत का, ते आधी बघा.

लायब्ररी आणि पायथन

खालचं सगळं ठीक असेल तर उरते ती लायब्ररी. इथे पायव्हिसा टाकताच ‘पायव्हिसा-इन्फो’ ही कमांडही येते. ती ज्याने चालवली नाही त्याची चिकित्सा सुरूच झालेली नाही, असं माझं मत आहे. कुठला पायथन चालतो आहे, व्हिसाची कंपनीची लायब्ररी सापडली का, पायव्हिसा-पाय आहे का, आणि यूएसबी, सिरीयल, लॅन यांपैकी कशाची तयारी आहे, हे ती एका पडद्यावर सांगते. यूएसबीच्या ओळीपुढे ‘पायूएसबी बसवा’ असं लिहिलेलं असणं हा सर्वांत सामान्य शोध. पायव्हिसा आणि पायव्हिसा-पाय टाकल्या, तरी पायूएसबी वेगळी टाकावी लागते, आणि ती नसली तर यादी एररशिवाय रिकामी येते.

नावांच्या सापळ्यांतून सावध राहा. सिरीयल पोर्टसाठी हवं असतं ते पॅकेज ‘पायसिरीयल’. ‘सिरीयल’ नावाचं पॅकेजही आहे, त्याचा पोर्टशी काहीएक संबंध नाही. व्हिसाच्या बाबतीतही तेच, हवी ती ‘पायव्हिसा’. आणि डेबियन १२ किंवा उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारी कमांड) ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार देतं, तेव्हा ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा पर्याय वापरू नका. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा, दोन ओळींचं काम आहे.

‘रिसोर्स बिझी’ आलं तर उपकरण दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलं आहे. अनेकदा तो मागच्या वेळचा, अर्धवट मेलेला तुमचाच पायथन किंवा ज्युपिटरची उघडी नोटबुक असते. कर्नल ड्रायव्हर आणि लिबयूएसबी एकाच वेळी एका इंटरफेसवर बसू शकत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

आणि −१०७३८०७३३९. हा लांबलचक उणे आकडा व्हिसाचा टाइमआउट आहे. याला बहुतेक जण ड्रायव्हरचा दोष समजतात. तो येतो म्हणजे उपकरण उघडलं गेलं, आदेश पाठवला गेला, आणि उत्तर आलं नाही. अर्थात ड्रायव्हरने आपलं काम केलं. उत्तर न येण्याचं नेहमीचं कारण ओळीच्या शेवटच्या खुणेचं असतं: उपकरण न्यूलाइनची वाट बघत असतं, तुम्ही ती पाठवलेलीच नसते. दुसरं कारण, ज्याला उत्तर नाही अशा आदेशानंतर उत्तर मागणं. प्रश्नचिन्ह नसलेल्या आदेशाला उपकरण गप्प बसतं, ते बरोबरच आहे. याचा भाऊ −१०७३८०७३४३, म्हणजे त्या पत्त्यावर उपकरणच सापडलं नाही. तो आला तर पुन्हा एलएसयूएसबीपासून सुरुवात.

या सगळ्याला वळसा घालून जायचा एक रस्ता आहे, आणि उपकरणाच्या मागे लॅनचं तोंड असेल तर मी तोच धरतो. लॅनवर कर्नल मॉड्यूल नाही, यूडेव्ह नाही, सही नाही. अनेक कंपन्यांची उपकरणं ५०२५ या पोर्टवर साध्या सॉकेटने स्किपी ऐकतात, रिगोलची ५५५५ वर. ‘नेटकॅट’ने जोडून तोच ‘तू कोण’ प्रश्न टाइप करा. कॉलेजच्या नेटवर्कवर उत्तर आलं नाही तर फायरवॉल मध्ये असू शकते. मशीन आणि उपकरण एका वायरीने थेट जोडा, दोघांना एकाच रांगेतले आयपी पत्ते हाताने द्या आणि पुन्हा विचारा.